अडकलेली चादर

४ मार्च

मावशी,

हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर खोकं दारात पोचलेलं असेल. मागच्या खेपेला मी तुझ्या दाराची मापं घेत होते ती याचसाठी. तुला वाटलं, मी पडदे आणतेय.

फोन न करता लिहितेय, कारण फोन काकांच्या उशाशी आहे आणि त्यांच्यासमोर तू "सगळं छान" याच्यापुढे सरकत नाहीस. कागदावर तुला खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत आहे.

हे यंत्र खोल्यांमधून फिरतं, पडलेले कपडे उचलतं, धुलाईच्या मशीनमध्ये घालतं, वाळले की घड्या करून कपाटात ठेवतं. ऐकायला सोपं वाटतं. पण पेला कसाही ठेवला तरी पेलाच दिसतो. शर्ट खुर्चीवर टाकला की वेगळा दिसतो, जमिनीवर पडला की वेगळा, ओला झाला की आणखी वेगळा. माणसाला हे शिकावं लागत नाही. यंत्राला आम्ही दोन वर्षं शिकवतोय.

त्याच्या छातीवर दोन बटणं आहेत. लाल दाबलं की ते थांबतं. कुणी ओरडलं तरी थांबतं. पिवळं बटण तक्रारीचं. ते दाबलं तरच त्या वेळचं चित्रण आमच्याकडे येतं, नाहीतर रोज पुसलं जातं. एरवी आम्हाला फक्त आकडे आणि नोंदी दिसतात: कुठले किती कपडे उचलले, कुठे काय अडकलं, किती घड्या जमल्या.

आणि एक विनंती. शाळेत शिवणकामाच्या परीक्षेला माझा रुमाल तू शिवून दिला होतास, आणि बाईंनी तो वर्गभर फिरवून दाखवला होता. तसलं काही या वेळी करू नकोस. त्याला जे येत नाही, ते येत नाही म्हण. काकांच्या चादरी धुऊन तुझ्या बोटांना भेगा पडतात. त्या भरून याव्यात एवढ्यासाठी मी हे काम धरलंय.

तुझी ठमी

१५ मार्च

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत बसत नाही.

यंत्र आलं. दोन माणसं आली, जोडणी केली आणि पाणीसुद्धा न पिता गेली. काकांनी त्याचं नाव लाडोबा ठेवलंय, कारण सगळं घर त्याच्या मागे मागे फिरतंय. खोलीत शिरलं की आधी मान फिरवून चारी कोपरे बघतं, जागा पसंत आहे की नाही ते ठरवणाऱ्या भाडेकरूसारखं.

टॉवेलांना नाव ठेवायला जागा नाही. कडेला कड. पण काकांच्या गादीची ती इलास्टिकची चादर हातात आली की लाडोबाचं घोडं अडतं. एक कोपरा सापडतो तोवर दुसरा गोळा होतो. शेवटी बोचकं करून कपाटात कोंबतो आणि गड जिंकल्यासारखा उभा राहतो. काका म्हणाले, "हुबेहूब माझी घडी. पोरीनं नमुना माझाच घेतलेला दिसतोय." किती दिवसांनी हसले. झटक्यानंतर त्यांचं बोलणं जड झालंय ते झालंच. बाहेरच्याला नुसतं घरघरल्यासारखं वाटतं. तुला आणि मला तेवढं कळतं. डावा हात तर अजून मेल्यासारखाच आहे.

मोज्यांना जोडीदार मिळत नाहीत. काकांच्या सदऱ्याला बटणांऐवजी लावलेली नाडी मशीनच्या दारात अडकते. तू सांगितलंस म्हणून पिवळं बटण इमानानं दाबत होते. तर काल तुमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंचा फोन आला. "सातव्या घराकडून फारच तक्रारी येताहेत हो." आवाज गोड होता, पण मला आवडला नाही.

खरं सांग, हा नापास झाला तर तुझं काय होईल?

मावशी

२२ मार्च

मावशी,

तू विचारलंस म्हणून खरंच सांगते.

इथे तीन गट तीन तऱ्हांची यंत्रं बनवताहेत. उन्हाळ्यात त्यातलं एकच ठेवतील. बाकीच्या दोन गटांतल्या लोकांना घरी जावं लागेल. आमची चाचणीची बरीच घरं रिकामी आणि नीटनेटकी आहेत. आजारी माणसाचं, खरं धुणं असलेलं घर एकच, ते म्हणजे तुझं. म्हणून मोठ्या बाई सारख्या "सातव्या घराचं काय?" म्हणून विचारतात आणि विचारताना माझ्याकडे बघतात.

यंत्रातला एक भाग मी एकटीनं केलाय, तो तुला सांगायचा राहिलाच. ओली चादर मशीनच्या तोंडाशी पिळा घालून अडकते. पूर्वी यंत्र एकदा ओढायचं आणि नाद सोडायचं. मी त्याला धीर शिकवला. थोडं ओढ, थांब, पुन्हा थोडं जास्त ओढ. समोर माणसाचा चेहरा दिसला किंवा ओरडणं ऐकू आलं तर लगेच सोड. नाहीतर सुटेपर्यंत सोडू नकोस. परवाच हा भाग सगळ्या घरांत चालू केला.

मला खरं तेच हवंय, मावशी. पण माझा जीव टांगणीला लागलाय हेही खरं. आपल्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नाही, त्यामुळे नापास झाल्यावर माणसं काय करतात हे विचारायलासुद्धा घरात कुणी नाही.

ठमी

१० एप्रिल

ठमे,

उत्तराला उशीर झाला. धावपळ होती.

लाडोबा आता शहाणा झालाय. तक्रारीला जागा नाही, म्हणून पिवळं बटण दाबत नाही. तुमच्या बाईंना सांग.

काकांना बराच आराम आहे. चादरी पूर्वीसारख्या बदलाव्या लागत नाहीत. डाव्या मनगटाला जरा लागलंय, पलंगाच्या दांड्यावर आपटलं. सूज उतरतेय.

तू जेवणाची हेळसांड करू नकोस.

मावशी

१६ एप्रिल

मावशी,

काकांना आराम आहे हे वाचून मी टेबलावरून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. इतका आनंद कुणाला दाखवायचा नव्हता. आकड्यांतही ते दिसतच होतं! तुझ्याकडच्या चादरी एकदम कमी झाल्यात आणि जमलेल्या घड्या एकदम वाढल्यात. आता सातवं घर आमच्या यादीत पहिलं आहे.

आणि ऐक. महिन्याच्या सुरुवातीला तुझ्याकडच्या आतल्या खोलीत त्याला एक चादर अडकलेली सापडली. त्यानं ओढली, सुटेना. थांबला, जोर वाढवला. पुन्हा थांबला, पुन्हा वाढवला. शेवटी सुटली. नोंद आली, "यशस्वी." मोठ्या बाईंनी ती ओळ भर बैठकीत वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "हा हिचा भाग." टाळ्या वाजल्या, मावशी. माझ्यासाठी, पहिल्यांदाच.

आता नवीन घरं. पहिलं घर एका परिचारिकेचं आहे, इथून दोन गल्ल्या सोडून. बाळ जेमतेम महिन्याचं. ती पुढच्या महिन्यात कामावर रुजू होणार, घरात तिची सासू एकटी. लंगोट, दुपटी, चादरी यांचा ढीग पडलेला असतो. मी भेटायला गेले तर ती रडवेली होऊन म्हणाली, "हे खरंच होईल का हो?" मी म्हटलं, निर्धास्त राहा. दोन मे, सोमवारी यंत्र सुरू करतोय.

असल्याच घरासाठी तर आपण हे केलं ना?

ठमी

२१ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

बाळाच्या घरी यंत्र इतक्यात नको. बाळ थोडं मोठं होऊ दे, हातपाय हलवायला लागू दे. इतक्या लहान जिवाला दुपट्यात गुंडाळून ठेवतात, ते कपड्यांच्या ढिगात कळतसुद्धा नाही. आणि द्यायचंच असलं तर त्या बाईला सांग, बाळाच्या खोलीला बाहेरून कडी लावत जा. नुसतं दार लोटलेलं चालत नाही, लाडोबा ते ढकलून उघडतो.

मी उगाच काळजी करतेय असं समज. पण ऐक माझं.

टाळ्यांचं वाचून काकांना सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मावशी

२४ एप्रिल

मावशी,

घाईत लिहितेय, रागावू नकोस. बाळाला नजर लागेल, वारं लागेल, यंत्र लागेल, हे सगळं मी त्या घरातल्या सासूबाईंकडूनही ऐकून आले. निदान तू तरी असं लिहू नयेस. जिला हातानं धुवायचा कंटाळा येत नाही, तिनं यंत्राला नावं ठेवावीत. तुला कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे.

एकच विचारायचंय. काकांच्या चादरी कमी झाल्या ते समजलं. पण आकड्यांत गेले तीन आठवडे इलास्टिकची चादर एकदाही नाही. नाडीचा सदराही नाही. नुसते टॉवेल आणि नॅपकिन. काका काय उघड्या गादीवर झोपतात?

ठमी

२६ एप्रिल

ठमूताई,

अक्षर वाकडं आहे, कागद सरकतो, धरायला दुसरा हात नाही. तुझी मावशी दुकानात गेलीय तेवढ्यात लिहितो. फोन केला असता, पण माझं बोलणं फोनवर तुलासुद्धा लागत नाही.

ती चादर अडकली नव्हती. चादरीत मी होतो.

सकाळी भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरून झोपलो होतो. तुझा लाडोबा आला आणि ओढायला लागला. डाव्या हाताला चादरीचा वेढा बसला होता. त्या हाताला काही कळत नाही, म्हणून मलाही कळलं नाही. पलंगाच्या कडेला आलो तेव्हा जाग आली. ओरडलो. माझं ओरडणं कसलं, तुला माहीत आहे. तो थांबला, मला वाटलं ऐकलं. मग आणखी जोरानं ओढायला लागला. तुझी मावशी अंगणातून किंचाळत आली तोवर चादर सुटून त्याच्या हातात गेली होती. मनगटाचं हाड चिरलंय. प्लास्टर आहे. मी सुतार माणूस, असली चीर करवतीनं पडते एवढंच माहीत होतं.

मावशीनं मला शपथ घातली. "पोरीची नोकरी जाईल." त्या दिवसापासून माझ्या खोलीला बाहेरून कडी. माझ्या चादरी, सदरे, मोजे सगळं ती मोरीत हातानं धुते, लाडोबाच्या नजरेआड, आणि त्याला नुसते सोपे टॉवेल देते. मला आराम बिराम काही नाही. यंत्र आल्यापासून तिला काम दुप्पट झालंय. तू शाळेत असताना तुझा रुमाल शिवला, आता तुझ्या यंत्राचा शिवतेय.

मी गप्प राहिलो असतो. पण काल तिनं त्या बाळाचं वाचून दाखवलं आणि मग हातातली भाकरी तशीच ठेवून बसून राहिली. तिला सांगवत नाही. म्हणून मी सांगतो.

माझ्यावर रागाव, तिच्यावर नको.

काका

५ मे

मावशी, काका,

हे पत्र दोघांना आहे. मोठ्यानं वाचा.

काकांचं पत्र मला दोन तारखेला, कामावर निघताना मिळालं. दाराशीच वाचलं आणि तशीच परिचारिकेच्या घराकडे पळत सुटले. ती आदल्या दिवसापासूनच कामावर जायला लागली होती. दार सासूबाईंनी उघडलं. यंत्र सुरू होतं. आमची माणसं सकाळी लवकरच येऊन चालू करून गेली होती. बाहेरच्या खोलीत ते दुपटं घडी करत होतं, नीट, कडेला कड. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगावर मऊ कपड्यांचा एक लहानसा ढीग होता. तो ढीग म्हणजे बाळ होतं. यंत्रानं दुपटं ठेवलं आणि मान आतल्या दाराकडे वळवली.

मी लाल बटण दाबलं. नंतर पाठीचं झाकण उघडून बॅटरीच काढून घेतली. सासूबाई ओरडायला लागल्या, "अहो, सुनेला काय सांगू मी?" बॅटरी कडेवर घेऊन ऑफिसात गेले.

मोठ्या बाई आधी शांत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या मावशीकडचे आकडे खोटे म्हणतेस?" मी म्हटलं, "आकडे खरे आहेत. त्यांना दाखवलेलं घर खोटं होतं." त्या म्हणाल्या, "चेहरा दिसला तर सोडतं. ओरडलं तर सोडतं. तूच लिहिलंयस ते." कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्या माणसाला स्वप्न पडलं असेल.

मग मी त्यांना प्रयोगाच्या खोलीत नेलं. तिथे एक पलंग असतो. भिंतीकडे तोंड करून झोपले, डोक्यावरून चादर घेतली, तिचा वेढा डाव्या हाताला घातला आणि यंत्र सुरू करायला सांगितलं.

मावशी, चादरीच्या आत त्याच्या चाकांचा आवाज फार हळू येतो. आधी चादर अगदी हलकेच ताणली जाते. मग थांबते. मला वाटलं, सोडलं. तो थांबा मीच लिहिलाय, तरी मला वाटलं. मग वेढा आवळला. मी ओरडले. माझ्यासारखी नाही, काकांसारखी, घशातून, शब्द नसलेलं. तुमच्या शेजारी बसून अभ्यास केलाय मी, काका, तुमचा आवाज मला येतो. यंत्र थांबलं. आणि मग त्यानं जोर वाढवला.

पलंगाच्या कडेशी आल्यावर मोठ्या बाईंनी स्वतः लाल बटण दाबलं. भिंतीवरच्या पडद्यावर नोंद उमटली होती, "अडकलेली चादर, अपूर्ण." मी बटण दाबायला सांगून ठेवलं नसतं, तर तीही "यशस्वी" झाली असती.

सगळ्या घरांतली यंत्रं बंद केली आहेत. माझं टेबल सध्या दुसऱ्याकडे दिलंय. माझं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरेल.

मावशी, मी तुझ्यावर रागावले आहे. काकांनी सांगितलं तरी रागावले आहे. तू त्या बाळाचं वाचलंस आणि मला कडीबद्दल लिहिलंस! पण बावीस मार्चचं माझं पत्र आता हातात असतं, तरी पुन्हा वाचायची माझी हिंमत झाली नसती. त्यात मी "मला खरं हवंय" असं एकदा लिहिलं आणि "माझी नोकरी जाईल" हे चार प्रकारांनी लिहिलं. त्यातलं तू कुठलं ऐकणार होतीस?

माझ्या मनगटावर काळानिळा वळ उठलाय. डाव्याच.

ठमी

२८ जून

ठमे,

दीड महिना तुला काय लिहावं ते सुचत नव्हतं. काकांचं प्लास्टर निघालं. तुझा वळ गेला का?

तुला टेबलावरून काढून आता घरोघरी पाठवतात म्हणे, यंत्राशेजारी दिवसभर बसून बघायला. मधल्या पत्रात तू लिहिलंयस तसं ती शिक्षाच असेल. मला मात्र बरं वाटलं. त्या परिचारिकेकडे तू स्वतः जाऊन माफी मागितलीस आणि तिनं दार लावून घेतलं, ते वाचून वाईट वाटलं. तरी पुन्हा जा. दार उघडेपर्यंत जा.

तुमच्या बाईंची चिठ्ठी आली होती, सातव्या घराला पुन्हा यंत्र चालेल का म्हणून. मी नाही म्हणणार होते. काका म्हणाले, "येऊ दे. मला त्याच्याशी हिशेब करायचाय." तुझा तो ओढायचा भाग काढून टाकलाय, असं जोडणाऱ्या माणसानं मला दोनदा सांगितलं. मी त्याला तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

लाडोबा परवा आला. खोलीला कडी लावली नाही. काकांना खुर्चीत बसवलं, गादीवरची इलास्टिकची चादर काढून त्याच्यासमोर टाकली, आणि मी भिंतीशी स्टुलावर बसले.

ठमे, काय सांगू तुला. एक कोपरा धरला, दुसरा निसटला. दुसरा धरला, पहिला निसटला. चादर पायाशी पडली, त्यानं तिच्यावरच चाक घातलं, मग स्वतःखालून ओढायला बघितली, जमेना, सोडून दिली. उचलली, पुन्हा पाडली. मला इतकं वाटत होतं की उठावं आणि नुसता तो एक कोपरा त्याच्या हातात द्यावा. एकच कोपरा. शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि त्यांच्यावर बसून राहिले. काका माझ्याकडेच बघत होते, लाडोबाकडे नाही. म्हणाले, "बघ हं, उठशील."

नाही उठले.

चादर शेवटी बोचकं होऊन कपाटात गेली. काका त्यांच्या त्या घरघरत्या आवाजात मोठ्यानं म्हणाले, "नापास!" आणि तो चक्क थांबला, ठमे. मान वळवून त्यांच्याकडे बघत उभा राहिला.

मी उठले, पिवळं बटण दाबलं आणि चादर धुवायला घेतली.

मावशी